गोलान पठाराची कोशर व्हाइट वाइन: प्रस्तावना

'कोशर' हा शब्द हिब्रू भाषेतील 'काशेर' या विशेषणाचा, पूर्व युरोपातील ज्यूंच्या उच्चारातून जगभर गेलेला अवतार असून त्याचा मूळ अर्थ 'योग्य' किंवा 'विहित' एवढाच आहे. चव, दर्जा किंवा पाककृती यांच्याशी त्या अर्थाचा थेट संबंध नाही. कोणता प्राणी खावा, तो कसा कापावा, मांस आणि दूध एकत्र का आणू नये याविषयी हलाखाने, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राने, घालून दिलेले नियम मराठी वाचकाच्या थोडेफार कानावर आलेले असतात; परंतु द्राक्ष हे फळ सर्वस्वी विहित असताना त्याच्या रसापासून झालेली जगातील बहुतेक वाइन मात्र धर्मनिष्ठ ज्यूला वर्ज्य का ठरते, हा प्रश्न त्याच्यासमोर सहसा आलेला नसतो. प्रस्तुत ग्रंथाचा आरंभ या प्रश्नापासून होतो, आणि इस्रायलच्या ताब्यातील गोलान पठारावर गेल्या चार दशकांत जी व्हाइट वाइन तयार होऊ लागली तिच्या आधारे त्याचा विचार पुढे जातो. वाइन कोशर ठरते ती तिला कोणाचे हात लागले, आणि ती कोणत्या दिवशी व कोणत्या वर्षी घडली यावरून. आणि हातांची व काळाची ही बंधने सर्वांत अधिक जाचतात ती व्हाइट वाइनला, कारण उष्णता, हवा आणि विलंब या तिन्ही गोष्टी तिला सोसत नाहीत. ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

ज्यू धर्माचारात वाइनला अन्य कोणत्याही पेयाला नसलेले स्थान आहे. शुक्रवारी सूर्यास्तानंतर शब्बात, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिन, सुरू झाला की घरातील कर्ता पेला हातात घेऊन त्या दिवसाच्या पावित्र्याचे जे उच्चारण करतो त्याला 'किद्दुश' म्हणतात. विवाहात, सुंतेच्या विधीत आणि वल्हांडणाच्या, म्हणजे पेसाखच्या, रात्रीच्या भोजनात वाइन लागतेच, आणि त्या रात्री तर प्रत्येकाने चार पेले घ्यावेत असा नियम आहे. झाडाच्या फळांसाठी एक सर्वसाधारण आशीर्वचन असले तरी वाइनसाठी स्वतंत्र आशीर्वचन आहे. जेरुसलेमचे मंदिर उभे होते तोवर वेदीवर वाइनची धार सोडली जात असे, आणि भोवतालचे ग्रीक व रोमन लोकही आपापल्या देवतांना तशीच धार अर्पण करीत. जी वाइन परक्या देवतेला अर्पण झाली ती 'यायिन नेसेख', अर्थात तर्पणाची वाइन, म्हणून पूर्णतः निषिद्ध ठरली. आणि पुढे रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या आचार्यांनी, हा निषेध वाढवून ज्यूंखेरीज इतरांनी बनवलेल्या किंवा हाताळलेल्या सगळ्याच वाइनला लावला, तिला 'स्ताम येनाम' म्हणजे 'त्यांची साधी वाइन' असे नाव मिळाले. या विस्तारामागे केवळ मूर्तिपूजेची भीती नव्हती. एकत्र बसून पिण्यातून सोयरीक जुळेल आणि अल्पसंख्य समाज विरून जाईल, ही चिंता रब्बींनी स्वतःच स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे, आणि ती लपवून ठेवण्याचे कारण आजच्या अभ्यासकालाही नाही. पांगलेल्या समाजाने आपले अस्तित्व राखण्यासाठी उभारलेले ते कुंपण होते, आणि प्रत्येक कुंपणाप्रमाणे त्याने आतल्यांना राखले तसे बाहेरच्यांना दुखावलेही.

मराठी वाचकाला येथे सोवळ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि आरंभी समजून घेण्यापुरती ती उपयोगीही पडते. मात्र सोवळे स्नानाने व धूतवस्त्राने येते आणि स्पर्शाने मोडते, तर कोशर वाइनच्या बाबतीत हात लावणाऱ्याने स्नान केले आहे की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. तो शब्बात पाळणारा ज्यू आहे का, इतकेच पाहिले जाते. जन्माने ज्यू असूनही शब्बात न पाळणाऱ्या माणसाच्या हातालाही प्रचलित कडक व्यवहारात तीच मनाई आहे. शिवाय हे बंधन द्राक्षाला नसून रसाला आहे. वेलीवरचा घड कोणीही तोडावा, कोणीही वाहून न्यावा. मणी फुटून रस सालीपासून वेगळा होऊन वाहू लागला, की त्या क्षणापासून तो हलाखाच्या दृष्टीने वाइन होतो आणि तेथून पुढे नियमांच्या कक्षेत राहतो.

हा क्षण वायनरीत कसा दिसतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. पांढरी द्राक्षे उन्हे वर येण्यापूर्वी, रात्रीच्या गारव्यात तोडून आणलेली असतात, कारण तापलेल्या मण्यातील सुगंधी द्रव्ये लवकर उडतात आणि रस तपकिरी पडू लागतो. घड एका आडव्या पोलादी पिंपात पडतात. पिंपाच्या आत रबरी पडदा असतो आणि त्यात हवा भरली की तो फुगत जाऊन द्राक्षांना हलक्या हाताने दाबावे तसा दाबतो, जेणेकरून साल व बिया चिरडून कडवटपणा उतरू नये. हवेचे बटण दाबणारा, नळ उघडणारा, रस पंपाने टाकीत नेणारा माणूस शब्बात पाळणारा असावा लागतो. वाइनची चव, आम्लता आणि शर्करा यांवर ज्याचे सारे लक्ष असते तो मुख्य वाइननिर्माता स्वतः त्या वर्गातला नसेल, तर त्याला टाकीतून नमुना स्वतः घेता येत नाही; तो शेजारी उभा राहतो, सहकारी नळ सोडून पेल्यात रस घेतो, आणि मग तो वास घेऊन, चाखून पुढची सूचना देतो. टाक्यांच्या तोंडांवर आणि नळांवर चिकटपट्टीची किंवा तारेची मोहर असते, तिच्यावर 'मश्गियाख' म्हणजे धार्मिक देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची खूण असते, आणि ती मोहर तुटलेली आढळली तर आतील हजारो लिटर वाइनचे भवितव्य अडचणीत येते. आपल्या हातांनी घडवायच्या वस्तूला हात न लावता ती घडवणे ही कारागिराची परीक्षा खरीच कठीण असते, आणि तिच्याकडे निव्वळ कर्मकांड म्हणून पाहणाऱ्याला या वाइनचे मर्म कळणार नाही.

हातांनंतर येतात ते पदार्थ. गढूळ रस नितळ करण्यासाठी जगभर जिलेटिन, माशाच्या वाताशयापासून काढलेला चिकट पदार्थ, दुधातील केसिन किंवा अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची प्रथा आहे. कोशर वायनरीत यांतील बहुतेक गोष्टी बाद होतात किंवा त्यांवर प्रश्नचिन्ह लागते, आणि व्हाइट वाइन नितळ करण्याचे काम मुख्यतः बेंटोनाइट या बारीक खनिज मातीवर सोपवले जाते. किण्वनासाठी लागणारे यीस्टही प्रमाणित असावे लागते, आणि वाइन पेसाखला चालायची असेल तर ते धान्यावर वाढवलेले नसावे याची खातरजमा करावी लागते.

याहून नाजूक प्रश्न आहे तो 'मवुशाल'चा, म्हणजे तापवलेल्या वाइनचा. तापवलेली वाइन मंदिरातील वेदीवर चालत नसे; अर्थात ती परक्या देवतेला अर्पण होण्याची शंकाही उरत नसे; म्हणून एकदा तापवलेली कोशर वाइन पुढे कोणीही ओतली, कोणीही वाढली तरी तिचे कोशरपण जात नाही. उपाहारगृहे, विमाने आणि लग्नसमारंभ यांत जेथे वाढपी कोणत्याही धर्माचा असू शकतो तेथे या सवलतीचे मोल फार मोठे आहे. किती तापवावे याविषयी आचार्यांत मतभेद आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेतील रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी दिलेल्या निर्णयानुसार सुमारे ८० अंश सेल्सिअस पुरेसे होते. जुन्या काळी वाइन खरोखर उकळली जाई आणि तिला शिजवलेल्या फळाची चव येई. आता ती पातळ नळ्यांतून काही क्षण तापवून लगेच गार केली जाते, किंवा किण्वनापूर्वी रसच तापवून घेतला जातो, आणि लाल वाइन या उपचारातून बरीचशी सावरते. व्हाइट वाइनचे तसे नाही. तिचा जीव फुलाच्या, लिंबाच्या, हिरव्या सफरचंदाच्या वासात असतो आणि उष्णतेने प्रथम जातो तो तोच. म्हणून उच्च प्रतीच्या इस्रायली व्हाइट वाइन बहुधा मवुशाल केल्या जात नाहीत, आणि त्यामुळे बाटली उघडून ओतण्यापर्यंतची सारी बंधने त्यांच्यामागे घरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत येतात.

येथवरचे नियम फ्रान्समध्ये किंवा कॅलिफोर्नियात होणाऱ्या कोशर वाइनलाही लागू आहेत. इस्रायलच्या भूमीत मात्र त्यांत शेतीविषयक नियमांची भर पडते, आणि वेलीच्या आयुष्याचे पंचांगच धर्मशास्त्र ठरवू लागते. लावणीनंतरच्या पहिल्या तीन वर्षांच्या फळाला 'ओर्ला' म्हणतात, आणि त्याचा कोणताही उपयोग करणे निषिद्ध असते. चौथ्या वर्षाचे फळ नाण्याच्या रूपाने विधिपूर्वक सोडवून घ्यावे लागते. वेलींच्या ओळींमध्ये धान्य किंवा भाजी पेरता येत नाही. पूर्वी याजकांना व लेवींना देण्यात येणाऱ्या दशमांशाची आठवण म्हणून आजही उत्पादनाचा एक टक्क्याहून किंचित अधिक भाग बाजूला काढून, कोणालाही न देता, ओतून टाकला जातो. या सर्वांहून मोठा नियम 'श्मिता'चा, म्हणजे सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती देण्याचा. बायबलच्या 'लेवीय' या पुस्तकात त्या वर्षी पेरणीबरोबरच द्राक्षमळ्याची छाटणीही थांबवावी असे नाव घेऊन सांगितले आहे, आणि छाटणी चुकलेल्या वेलीचे पुढल्या हंगामात काय होते हे नाशिक किंवा सांगलीच्या बागायतदाराला समजावून सांगण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यू वसाहती नव्याने उभ्या राहत असताना, १८८८-८९ च्या श्मितासाठी, त्या वर्षापुरती जमीन ज्यूंखेरीज अन्य कोणाला विकल्याचा करार करून शेती चालू ठेवण्याची वाट काढण्यात आली. ती सर्वांना मान्य झाली नाही आणि आजही नाही. अलीकडची श्मितावर्षे २०१४-१५ आणि २०२१-२२ ही होत, व पुढचे २०२८-२९ हे असेल. त्या त्या सालच्या हंगामाची बाटली विकत घेताना धर्मनिष्ठ गिऱ्हाईक प्रमाणपत्रावरील बारीक अक्षरे अधिक काळजीने वाचते.

आता वाइनच्या रंगाकडे वळणे आवश्यक आहे, कारण व्हाइट वाइन किद्दुशला चालते की नाही हाच मुळात शास्त्रार्थाचा विषय होता. तेराव्या शतकातील स्पेनमधील आचार्य नाखमानिदिस यांच्या मते पांढरी वाइन किद्दुशला मुळीच योग्य नव्हती. वाइन म्हणजे लाल, हा प्राचीन वचनांचा त्यांनी लावलेला अर्थ होता. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी गालीलमधील त्स्फात नगराच्या परिसरात राहून 'शुल्खान आरुख' ही धर्मसंहिता रचली, आणि १५६५ मध्ये व्हेनिस येथे छापल्या गेलेल्या या ग्रंथात त्यांनी दोन्ही मते नोंदवून प्रचलित रूढी पांढरी वाइन मान्य करणारी असल्याचा निर्वाळा दिला. पेसाखच्या चार पेल्यांसाठी मात्र, पांढरी वाइन अधिक चांगली नसेल तर, लालच शोधावी असे त्यांनी सांगितले. ज्या त्स्फातच्या आसमंतात हा निर्णय लिहिला गेला तेथून पूर्वेला, वरच्या जॉर्डनच्या खोऱ्यापलीकडे, गोलानचे पठार उभे आहे. त्या काळात तेथे वाइन होत नव्हती, पण ग्रंथाचा आणि भूमीचा हा शेजार लक्षात ठेवण्याजोगा आहे.

युरोपात जे घडले ते रंगाच्या या चर्चेला एका वेगळ्याच, भयंकर पातळीवर नेणारे आहे. ज्यू लोक पेसाखच्या विधीसाठी ख्रिस्ती मुलांचा वध करून त्यांचे रक्त वापरतात, असा संपूर्णपणे खोटा आरोप मध्ययुगीन युरोपात पसरला. इंग्लंडमधील नॉर्विच येथे ११४४ मध्ये सापडलेल्या एका मुलाच्या प्रेताभोवती ज्यूंनी त्याची हत्या केल्याची कथा रचली गेली, तिला पुढे रक्ताच्या आरोपाची जोड मिळाली, इटलीतील ट्रेंट येथे १४७५ मध्ये तिने अनेक ज्यूंचे प्राण घेतले, आणि १८४० मध्ये, गोलानपासून फार दूर नसलेल्या दमास्कसमध्येही, तिने पुन्हा डोके वर काढले. अशा वातावरणात सणाच्या रात्री घराच्या दारावर केव्हाही थाप पडू शकत होती आणि मेजावरचा लाल पेला हाच पुरावा ठरू शकत होता. सतराव्या शतकात पोलंडमध्ये 'शुल्खान आरुख'वर भाष्य लिहिणारे रब्बी दाविद हालेवी सेगल यांनी, पाप नसताना येणाऱ्या या आळामुळे आपल्या काळात लाल वाइन टाळली जाते, अशी नोंद केली आहे. एका शास्त्रीय ग्रंथातील ही एका ओळीची नोंद आहे, तिच्यात विलाप नाही, तक्रार नाही. पण सणाच्या पेल्याचा रंगसुद्धा भीतीने ठरवावा लागलेल्या समाजाचे जिणे तिच्यात जितके दिसते तितके इतिहासाच्या मोठमोठ्या खंडांतही क्वचित दिसत असेल. कोशर व्हाइट वाइनचा अभ्यास केवळ रुचीचा अभ्यास राहू शकत नाही, तो यामुळेच.

पॅलेस्टाइनच्या भूमीत व्हाइट वाइन नव्याने आलेली नाही. बायझंटाइन काळात गाझाच्या बंदरातून भूमध्य समुद्रापलीकडे जाणाऱ्या वाइनची ख्याती युरोपभर होती, आणि तिची द्राक्षे नेगेव वाळवंटाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या मळ्यांतही पिकत. तेथील अवदात या स्थळी सापडलेल्या, इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या सुमारच्या एका बीचे जनुकीय विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा ती पांढऱ्या द्राक्षाची असल्याचे आढळले. सातव्या शतकातील राज्यबदलानंतर वाइनचा व्यापार हळूहळू ओसरला आणि द्राक्षशेती बरीचशी खाण्याच्या फळापुरती व मनुकांपुरती उरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच धनिक बॅरन एदमाँ द रोथशिल्ड यांनी रिशोन लेझियोन आणि झिखरोन याकोव्ह येथे भव्य तळघरे बांधून हा उद्योग पुन्हा उभा केला, परंतु त्यांची निवड किनाऱ्याजवळच्या उष्ण, सखल प्रदेशाची होती. तेथे द्राक्षात साखर भरपूर उतरते, पण उबदार रात्रींत आम्लता जळून जाते. आणि आम्लता गेलेली व्हाइट वाइन म्हणजे मीठ विसरलेले कालवण. त्यामुळे अनेक दशके कोशर वाइन या शब्दांनी जगाला आठवण होई ती गोड, जड, किद्दुशपुरत्या पेल्याची, आणि अमेरिकेत कॉन्कर्ड जातीच्या द्राक्षांत साखर मिसळून केलेल्या वाइनने ती समजूत आणखी घट्ट केली.

गोलानचे महत्त्व येथे सुरू होते. समुद्रसपाटीखाली सुमारे २१० मीटरवर असलेल्या गालीलच्या सरोवराच्या पूर्व काठावरून हे पठार एकदम चढते, दक्षिणेला सुमारे ४०० मीटरपासून उत्तरेला १२०० मीटरपर्यंत उंचावत जाते आणि शेवटी २८१४ मीटर उंचीच्या हर्मोन पर्वताच्या पायथ्याशी टेकते, ज्याच्या शिखरांवर हिवाळ्यात बर्फ असते. पाऊस केवळ हिवाळ्यात पडतो आणि उत्तरेकडे वाढत जातो. उन्हाळा कोरडा, लख्ख उन्हाचा असतो, परंतु उंचावरील रात्री गार असतात, आणि त्या गारव्यातच मण्यांतली आम्लता टिकून राहते. जमीन ज्वालामुखीची आहे: काळा बसाल्ट, त्याची झिजून झालेली तांबूस माती, आणि उत्तरेकडे मृत ज्वालामुखींच्या टेकड्यांभोवती हलकी, सच्छिद्र राखेची खडी.

महाराष्ट्राच्या पठारावर वाढलेल्या माणसाला ही जमीन ओळखीची वाटेल, आणि ते योग्यच आहे, कारण सह्याद्री व नाशिकचा द्राक्षपट्टाही बसाल्टवरच उभा आहे. दख्खनचा बसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर गोलानचा त्या मानाने अगदी कोवळा, एवढाच वयाचा फरक. तथापि पाषाण सारखा असला म्हणून वाइन सारखी होत नाही. नाशिकला पाऊस उन्हाळ्यानंतर येतो आणि वेल थंडीने झोपत नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व पावसाळा ओसरताना फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा तिला शिस्त लावावी लागते आणि काढणी हिवाळ्याच्या अखेरीस होते. गोलानची वेल हिवाळ्यात पाने गाळून निजते, एकदाच छाटली जाते, आणि तिची पांढरी द्राक्षे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उतरतात. सॉव्हिन्यॉ ब्लाँ ही जात दोन्हीकडे लावली गेली आणि दोन्हीकडच्या नव्या वाइनउद्योगांच्या आरंभीच्या बाटल्यांत ती होती, गोलानमध्ये १९८३ च्या हंगामात आणि नाशिकच्या सुला वायनरीत २००० साली, ही गोष्ट मात्र मराठी अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे.

डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका तज्ज्ञाने १९७२ मध्ये इस्रायलला भेट देऊन गोलानची थंड हवा वाइनच्या द्राक्षांसाठी सुचवली, १९७६ मध्ये पहिल्या वेली लागल्या, आणि १९८३ मध्ये किबुत्झ व मोशाव या सहकारी वसाहतींनी मिळून कात्झरिन येथे गोलान हाइट्स वायनरी स्थापन केली. 'यार्डेन', म्हणजे जॉर्डन नदीचे हिब्रू नाव, हे तिच्या मुख्य वाइनमालिकेचे नाव आहे. पठाराच्या उत्तर टोकाजवळ, सुमारे ११०० मीटर उंचीवरील ओडेमच्या मळ्यात सेंद्रिय पद्धतीने वाढवलेल्या शार्दोने द्राक्षांची वाइन फ्रेंच ओकच्या पिंपांत घडते, आणि तिच्यात लोण्यासारखा भरीवपणा व गार प्रदेशाची तीक्ष्णता एकत्र नांदतात. गेवुर्त्सट्रामिनर या सुगंधी जातीची गोड वाइन तर द्राक्षे तोडल्यानंतर वायनरीतच गोठवून, पाण्याचे बर्फ मागे ठेवून निघालेल्या दाट रसापासून केली जाते. जर्मनीत अशा वाइनसाठी द्राक्षे वेलीवरच गोठावी लागतात. गोलानला ती थंडी काढणीच्या वेळी मिळत नाही, म्हणून तेथे यंत्राची मदत घेतली गेली.

या भूमीचे वर्णन तिच्या राजकीय स्थितीविना पूर्ण होऊ शकत नाही, आणि ती बाब तळटीपेत ढकलणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. गोलान १९६७ च्या युद्धात इस्रायलने सीरियाकडून घेतले आणि तेथील बहुसंख्य सीरियन रहिवाशांची गावे त्या वेळी ओस पडली. १९८१ मध्ये इस्रायलने आपला कायदा तेथे लागू केला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ४९७ अन्वये तो निरर्थक ठरवला, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने इस्रायलचे सार्वभौमत्व मान्य केले तरी बहुतेक देशांच्या दृष्टीने हा प्रदेश व्याप्तच आहे. त्याच वर्षी युरोपीय संघाच्या न्यायालयाने अशा प्रदेशांतील मालाच्या आवेष्टनावर त्याचे खरे उगमस्थान स्पष्ट लिहिलेले असावे असा निर्णय दिला, आणि तो खटला वाइनवरूनच उभा राहिला होता. मज्दल शम्ससारख्या उत्तरेकडील गावांत राहणारे द्रूझ लोक पिढ्यान्‌पिढ्या सफरचंदांच्या बागा करीत आले आहेत. मातीच्या गुणांविषयी लिहिताना त्या मातीवर कोण होते आणि कोण आहे हे विसरणारे वाइनलेखन अपुरे आहे, असे या ग्रंथाचे स्पष्ट मत आहे.

शार्दोने आणि सॉव्हिन्यॉ या फ्रान्सहून आलेल्या जाती. मग या भूमीचे स्वतःचे पांढरे द्राक्ष कोणते, हा प्रश्न अलीकडे अभ्यासकांनी उचलून धरला आहे. हमदानी, जंदाली, दाबुकी ही नावे अरबी आहेत, आणि या जाती टिकल्या त्या बेथलेहेम व हेब्रोनच्या परिसरातील पॅलेस्टिनी शेतकऱ्यांनी खाण्यासाठी त्या जपल्या म्हणून. बेथलेहेमजवळच्या क्रेमिझान या ख्रिस्ती मठाच्या वायनरीने त्यांची वाइन केली. पुढे इस्रायलमधील रेकानाती या वायनरीने २०१४ च्या हंगामात हमदानीचीच, 'मरावी' या नावाने, कोशर व्हाइट वाइन केली आणि तिची द्राक्षे पॅलेस्टिनी मळ्यातून आणली. द्राक्ष कोणीही पिकवावे, रस मात्र विहित हातांनीच हाताळावा, हा नियम वर सांगितला आहे. मरावीच्या बाटलीत तो नियम इतिहासाच्या सगळ्या गुंत्यासह उतरला आहे.

काळाच्या बंधनाकडे पुन्हा येणे प्राप्त आहे, कारण गोलानच्या हंगामात ते दरवर्षी नव्याने सोडवावे लागते. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत वायनरीत कोणी बटण दाबत नाही, नळ सोडत नाही, टाकी ढवळत नाही. रस मात्र फसफसत राहतो, आणि १२ ते १६ अंशांच्या आसपास राखायचे त्याचे तापमान आधीच लावून ठेवलेल्या स्वयंचलित यंत्रणेच्या भरवशावर सोडावे लागते. म्हणून गुरुवारी तोडायचे की रविवारपर्यंत थांबायचे, हा निर्णय कधी कधी साऱ्या वर्षाच्या वाइनचा निर्णय असतो. त्यातच ज्यू पंचांगातील तिश्री महिन्यातील वर्षारंभ, प्रायश्चित्तदिन आणि मंडपांचा सण हे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, ऐन काढणीत, ओळीने येतात. बहुतेक पांढरी द्राक्षे लाल द्राक्षांच्या आधी पक्व होत असल्याने ती या सणांच्या अलीकडे उतरतात. उंचावरच्या, उशिरा पिकणाऱ्या मळ्यांच्या नशिबी मात्र सण आणि काढणी यांची गाठ अनेकदा असतेच.

मराठी भाषेचा आणि या विषयाचा खरा दुवा गोलानमध्ये नाही, तो अलिबागच्या किनाऱ्यावर आहे. नवगावजवळ जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपली परंपरा सांगणारे बेने इस्रायल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात 'शनिवार तेली' म्हणत, त्यांना किद्दुशसाठी कोशर वाइन मिळण्याची सोय नव्हती. त्यांनी काळ्या मनुका पाण्यात भिजवल्या, कुस्करल्या, गाळल्या आणि ते सरबत पेल्यात घेऊन शुक्रवारची प्रार्थना मराठी घरांत चालू ठेवली. मनुकांपासून काढलेले पेय किद्दुशला चालते असे 'शुल्खान आरुख'मध्येही म्हटलेले आहे, म्हणजे कोकणातील ही रीत निव्वळ तडजोड नव्हती, तर शास्त्राला धरून होती. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, बेर शेवा, दिमोना, अश्दोद अशा गावांत वसली, आणि तेथे 'मायबोली' हे मराठी नियतकालिकही निघाले. आता त्या घरांच्या आसपासच्या दुकानांत यार्डेनची बाटली सहज मिळते. तरीही मुंबईच्या सिनेगॉगांत आणि इस्रायलमधील काही घरांत मनुकांचे सरबत अजून केले जाते, आणि त्यासाठी मनुका आदल्या रात्री भिजत घालाव्या लागतात.